शाहिराची बया : रामजोशी, लावणी आणि ‘स्फूर्तिदेवते’ची कल्पना

१

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका वाचनालयाच्या सभागृहात काही महिन्यांपूर्वी ‘लोकशाहीर रामजोशी’ हा १९४७ सालचा बोलपट दाखविण्यात आला. खेळ संपल्यावर त्या विषयावर चार शब्द बोलावेत, म्हणून प्रस्तुत लेखकास बोलावणे होते. वागळे इस्टेट ही मूळची कारखान्यांची वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, आणि त्या महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत हिची गणना होते. आज तेथील अनेक कारखान्यांच्या जागी कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. परंतु देशावरून आणि कोकणातून कामासाठी आलेली कुटुंबे आसपासच्या वस्तीत अद्याप नांदत आहेत. श्रोतृवर्ग बहुतेक ह्याच कुटुंबांतला होता.

व्याख्यानात लेखकाने रामजोश्याची संस्कृत व्युत्पत्ती, त्याचे यमकप्रभुत्व, मोरोपंतांशी त्याचा आलेला संबंध इत्यादी नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी प्रश्न विचारण्याची विनंती केली असता, मूळच्या सोलापूरकडील एक वृद्ध बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ते सगळं खरं, पण बयाचं पुढं काय झालं ओ सर?” ह्या प्रश्नाचे उत्तर लेखकाजवळ नव्हते. ‘त्याविषयी निश्चित माहिती उपलब्ध नाही’ असे ठरीव वाक्य बोलून त्याने वेळ मारून नेली. बाई खाली बसल्या; परंतु त्यांचे समाधान झाले नाही, हे त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते.

प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा उशिराने केलेला विचार होय. बयाचे पुढे काय झाले, हे सांगता येत नाही. परंतु ते का सांगता येत नाही, हे मात्र सांगता येते. आणि ‘शाहीर व त्याची स्फूर्तिदेवता’ ह्या ज्या सूत्रात आपण तिला आज ओळखतो, ते सूत्र कोठून आले, हेही दाखविता येते. ह्या शोधात भाषेच्या अभ्यासाचा काही उपयोग होतो, असे लेखकाचे मत आहे.

२

प्रथम रामजोश्याविषयी परंपरा काय सांगते ते पाहू. राम जगन्नाथ जोशी हा सोलापूरचा. त्याचे जन्मसाल काही अभ्यासक १७५८ तर काही १७६२ मानतात. मृत्यू १८१२ च्या सुमारास झाला असे धरले जाते. घराण्यात जोशीपणाची वृत्ती होती व वडील बंधू मुद्गल जोशी हे पुराण-कीर्तनात निष्णात होते. अशा घरातील मुलास शेजारच्या धोंडी शाहिराच्या फडाचा नाद लागला. ब्राह्मणाचा मुलगा तमाशाच्या बैठकीत बसू लागला, म्हणून वडील बंधूंनी त्याला घराबाहेर काढले. तो पंढरपुरास गेला. तेथे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. आणि परत येऊन जी विद्या कीर्तनात खर्ची पडावयाची ती त्याने लावणीत खर्ची घातली. पुढे बारामतीस मोरोपंतांची भेट झाली, पंतांनी त्याचे कवित्व जाणून त्यास कीर्तनाकडे वळण्याचा उपदेश केला आणि रामजोश्याने डफ फोडून टाकला, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्याचा सन्मान झाला, हेही ह्याच परंपरेत सांगितले जाते.

ह्या कथेची मांडणी चटकन ध्यानात येते. मुलगा चांगल्या घरातला, तो बिघडतो, थोर पुरुषाची गाठ पडते, तो सुधारतो. संतचरित्रांतून आणि कीर्तनातील उत्तररंगातून ओळखीची झालेली ही चौकट होय. परंतु सालांचा साधा मेळ घातला तरी तीत अडचण येते. मोरोपंत १७९४ साली निवर्तले. दुसरा बाजीराव १७९६ च्या अखेरीस पेशवाईच्या मसनदीवर आला. तेव्हा पंतांच्या उपदेशाने डफ कायमचा फुटला असेल, तर त्यानंतर शाहिरीचा शौकी म्हणून प्रसिद्ध असलेल्या बाजीरावाने रामजोश्याचा गौरव कशासाठी केला? एक तर डफ फुटला नसावा, किंवा फुटलेला डफ पुन्हा मढविला गेला असावा. काही झाले तरी ‘पतन आणि उद्धार’ ही सरळ रेषा त्याच्या आयुष्यावर नीट बसत नाही. कीर्तन आणि तमाशा ह्या दोन्ही रंगांत त्याची ये-जा चालू असावी, हे अनुमान अधिक सयुक्तिक दिसते.

आता ह्या कथेत बया कोठे येते? रामजोश्याच्या फडात बया आणि चिमा अशा दोघी नाचगाणे करीत, असे परंपरेने सांगितले जाते. ह्यापलीकडे फारसे काही नाही. कथेच्या चौकटीत तिला जी जागा मिळते, ती पतनाच्या भागात. ब्राह्मणाचा मुलगा का बिघडला, ह्या प्रश्नाचे एक सोयीस्कर उत्तर म्हणून ती तेथे उभी असते. उद्धाराच्या भागाशी तिचा संबंध राहत नाही. डफाबरोबर तीही कथेबाहेर जाते.

३

ह्या ठिकाणी तिच्या नावाचा थोडा विचार करणे अवश्य आहे. ‘बया’ हा शब्द मराठीत केवळ विशेषनाम नाही. ‘अगं बया’ हा उद्गार आजही सर्वत्र ऐकू येतो. बाय, बया, बयो, बाई ही एकाच कुळातील रूपे असून ती स्त्रीला प्रेमाने, आदराने किंवा नुसते हाक मारताना वापरली जातात. ‘चिमा’ हे नाव विशेषनाम म्हणून रूढ असले, तरी त्यातही ‘चिमुकली’ ह्या लाडक्या अर्थाची छटा आहेच. म्हणजे ज्या दोन स्त्रियांची नावे परंपरेने जपली असे आपण म्हणतो, त्यांच्यापैकी एकीचे तरी ते पाळण्यातले नाव नसून फडात तिला मारावयाची हाक असणे अगदी शक्य आहे. रामजोश्याच्या बाबतीत आपल्याला त्याच्या वडिलांचे नाव, बंधूंचे नाव, गाव आणि वृत्ती ठाऊक आहे. बयाच्या बाबतीत जे ठाऊक आहे ते जणू पडद्याआडून ऐकू आलेल्या हाकेएवढे आहे.

दुसरी गोष्ट तिच्या व्यवसायाची. उत्तर पेशवाईतील तमाशात स्त्रीवेष घेऊन नाचणारा पोरगा असे. त्याला ‘नाच्या’ म्हणत. स्त्रियांचे नाचगाणे ह्या काळात नव्हते असे नाही. कलावंतिणी, कंचनी, नायकिणी ह्यांच्या बैठका सरदारांच्या वाड्यांत होत. परंतु ती बैठक निराळी आणि उघड्यावरचा तमाशा निराळा. तमाशाच्या बोर्डावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री म्हणून सामान्यतः पवळा हिवरगावकरीण हिचे नाव सांगितले जाते, आणि ती तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. आता हे विधान आणि ‘रामजोश्याच्या तमाशात बया नाचत असे’ हे विधान शेजारी शेजारी ठेवावे. दोन्ही आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत आणि दोन्ही एकाच वेळी सरळ अर्थाने खरी असू शकत नाहीत.

ह्या विसंगतीतून तीन वाटा निघतात. पहिली अशी, की बया ही नंतरच्या काळातील कथाकारांनी रामजोश्याच्या चरित्रात घातलेली व्यक्ती आहे. दुसरी अशी, की ती खरोखरच होती, परंतु बैठकीची गायिका होती आणि रामजोश्याची लावणी बैठकीतही गायिली जात असल्यामुळे तिचा त्याच्याशी संबंध आला. तिसरी वाट अशी, की ती तमाशातच उभी राहिली आणि पवळेपूर्वी शंभर वर्षे हे धाडस करूनही तिची नोंद कोणी ठेवली नाही. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. रामजोश्याची रचना पाहता तीमागे बैठकीचा, जाणकारांचा श्रोतृवर्ग स्पष्ट दिसतो. छेकापह्नुती ह्या अलंकाराचा खेळ करणाऱ्या त्याच्या लावण्या, तसेच संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी ह्या भाषांशी त्याने केलेली क्रीडा हे सारे छावणीच्या उघड्या मैदानापेक्षा अर्थ पकडणाऱ्या रसिकांच्या बैठकीस अधिक शोभणारे आहे. परंतु कोणतीही वाट धरली, तरी एक गोष्ट कायम राहते. तमाशातील स्त्रीचा इतिहास सांगताना आपल्याला बयाची आठवण होत नाही. रामजोश्याचा इतिहास सांगतानाच तेवढी होते. तिची आठवण ही त्याच्या चरित्राची एक तळटीप आहे.

४

येथे कोणी असे विचारील, की चरित्रातील साधने अपुरी असली तरी लावण्या आहेत ना? त्यांतून शाहिराचे मन आणि त्याचे प्रेम दिसणार नाही काय? आपल्या टीकेत हा मार्ग फार वापरला गेला आहे आणि तोच फार धोक्याचा आहे.

मराठी क्रियापद हे बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असा भेद प्रथमपुरुषातही पाळणाऱ्या भाषांपैकी मराठी ही एक होय. इंग्रजीत किंवा संस्कृताच्या वर्तमानकाळात हा भेद ऐकू येत नाही. त्यामुळे मराठी गीतातील ‘मी’ पुरुष की स्त्री, हे पहिल्या दोन-तीन क्रियापदांतच ठरून जाते. आता शृंगारिक लावण्या उघडून पाहाव्यात. त्यांतील बहुसंख्य ‘मी’ हे स्त्रीलिंगी आहेत. विरहिणी बोलते, रुसलेली बोलते, परदेशी निघालेल्या नवऱ्याचा पदर धरून विनविणारी बोलते. रचणारा पुरुष, पेशवेकालीन फडात ते गाऊन-नाचून दाखविणारा बहुधा स्त्रीवेषातील पुरुष, आणि बोलणारी मात्र स्त्री, अशी ही व्यवस्था आहे. ह्या ‘मी’ला कोणाचे चरित्र म्हणावयाचे? तो ‘मी’ जसा रामजोश्याचा नाही तसा बयाचाही नाही. तो लावणी ह्या प्रकाराचा आहे.

जेथे बोलणारा पुरुष असतो तेथेही स्थिती फारशी वेगळी नाही. एका सुंदरेच्या रूपवर्णनाची रामजोश्याची लावणी महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तीमधील नायिका म्हणजे कोण, असा प्रश्न रसिकांना पडणे स्वाभाविक असले, तरी त्यास उत्तर अपेक्षित नाही. नखशिखान्त वर्णन हा संस्कृत काव्यापासून चालत आलेला संकेत आहे. त्यात नाक, डोळे, चाल, अलंकार, वस्त्र ह्यांचा क्रम आणि उपमानांची पेटी ठरलेली असते. कवीचे कौशल्य ह्या ठरलेल्या सामग्रीतून नादाची नवी वीण घालण्यात असते. रामजोश्याने ती कशी घातली, हे अभ्यासण्यासारखे आहे. परंतु त्या विणीतून कोणा एका स्त्रीचा चेहरा ओळखू पाहणे म्हणजे पैठणीच्या पदरावरील मोर कोणत्या बागेतला, असे विचारण्यासारखे आहे.

तिसरी खूण नाममुद्रेची. रामजोश्याच्या लावण्यांच्या अखेरीस ‘कविराय’ ही मुद्रा येते. तीत व्यक्तिनाम नाही, पदवी आहे; आणि ती ‘मी रचणारा, मी कवी’ असे निक्षून सांगते. तमाशाच्या फडात राहूनही पंडितांच्या पंगतीचा हक्क सांगणाऱ्या माणसाची ती मुद्रा होय. ह्या मुद्रेत दुसऱ्या कोणासाठी जागा उरत नाही.

५

ही जागा दुसऱ्या शाहिरांनी कशी वापरली, हे पाहिले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. बाळा कारंजकर हा त्याचा मित्र व फडातील साथीदार. होनाजीने रचावे आणि बाळाने गावे, असा त्यांचा क्रम होता. बाळाचा आवाज गोड होता आणि होनाजीच्या कवनाची कीर्ती त्या आवाजावर स्वार होऊन पसरली. ही गोष्ट होनाजी विसरला नाही. त्याने आपली मुद्राच ‘होनाजी बाळा’ अशी केली. परिणामी आज दोनशे वर्षांनंतर सामान्य वाचकास ही दोन माणसे होती ह्याचेच विस्मरण होते; ‘होनाजी बाळा’ हे एकाच माणसाचे नाव वाटते. प्रभाकराच्या रचनांतही गंगु-हैबती ही फडातील नावे मुद्रेच्या ओळींत आढळतात.

ह्याचा अर्थ असा, की रचना ही एकट्याची मिळकत नव्हे, तीत गळ्याचा आणि चालीचाही वाटा आहे, ही जाणीव त्या काळच्या शाहिरांना चांगली होती. फडाची परिभाषाही हेच सांगते. झीलकरी, सुरत्या, ढोलक्या, तुणतुणेवाला, नाच्या, सोंगाड्या अशी प्रत्येक कामाला नावे आहेत. ‘झील धरणे’ म्हणजे मुख्य गाणाऱ्याचा स्वर उचलून धरणे. तो धरला नाही तर कवन जमिनीवर पडते. ह्या परिभाषेत ‘स्फूर्ती देणारी’ ह्या अर्थाचा शब्द मात्र नाही. फडात येणारा प्रत्येक जण काही तरी काम करीत असे. नुसती स्फूर्ती देण्यासाठी तेथे कोणी बसत नसे.

आता प्रश्न असा, की बाळा कारंजकराला आपण होनाजीची स्फूर्तिदेवता का म्हणत नाही? त्याने होनाजीचे शब्द गायिले, त्यांना चाल दिली, ते लोकांपर्यंत नेले. आपण त्याला सहकारी म्हणतो, जोडीदार म्हणतो, मुद्रेतील निम्म्या नावाचा धनी म्हणतो. परंपरा सांगते ते खरे मानले तर बयानेही हेच केले. रामजोश्याच्या लांबलचक समासांची, दाट यमकांची आणि भाषांतरांच्या वळणांची रचना ठेक्यात बसवून, श्वास न तुटू देता, अर्थ कळेल अशा रीतीने गाणे, हे सामान्य गळ्याचे काम नाही. संस्कृत जोडाक्षरे कोठे तोडावयाची, आवर्तनाच्या समेवर कोणते अक्षर आणावयाचे, हे रचणाऱ्याइतकेच गाणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. तरीही बाळा हा जोडीदार आणि बया ही प्रेयसी. कामात भेद नाही. भेद नावात आहे, आणि तो नंतर केला गेला आहे.

६

तो केव्हा केला गेला? ‘स्फूर्तिदेवता’ हा शब्दच ह्याचे उत्तर देतो. प्राचीन ग्रीकांच्या कल्पनेत स्मृतीच्या नऊ कन्या होत्या. त्या निरनिराळ्या कलांच्या अधिष्ठात्री होत आणि कवी आरंभी त्यांना आवाहन करी. त्या देवता होत्या, स्त्रिया नव्हत्या. मध्ययुगीन इटलीत दान्तेने बेआत्रिचेला जे स्थान दिले, त्यानंतर ह्या देवतेला एका विशिष्ट स्त्रीचा चेहरा आला; आणि एकोणिसाव्या शतकातील सौंदर्यवादी कवींनी तर कवी म्हटला की त्याच्या जीवनात अशी एक स्त्री असलीच पाहिजे, असा जणू नियम घालून दिला.

आपल्याकडे ही व्यवस्था नव्हती. मम्मटाने काव्याची कारणे सांगितली ती शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी. त्यांत प्रेयसीला स्थान नाही. आरंभी वंदन होते ते सरस्वतीला आणि गणपतीला. तमाशातही गण प्रथम येतो, गौळण नंतर. कवीचे खाजगी प्रेम हे काव्याचे उगमस्थान होय, ही कल्पना मराठीत आली ती इंग्रजी काव्याच्या वाचनातून, केशवसुतांच्या पिढीपासून पुढे. आणि रविकिरण मंडळाच्या काळात ती घराघरांत पोहोचली. माधव ज्यूलियन ह्यांचे ‘विरहतरंग’ १९२६ साली प्रसिद्ध झाले, तोवर मराठी वाचकाला कवीच्या कवितेमागे त्याची प्रेमकथा शोधण्याची सवय पुरती जडली होती. तीच सवय घेऊन आपण मागे वळलो आणि शाहिरांकडे पाहू लागलो.

‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट ह्या नव्या सवयीचे सर्वांत देखणे फळ होय. राजकमल कलामंदिरने तो १९४७ साली काढला. दिग्दर्शनाच्या श्रेयात बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही नावे आहेत. कथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई ह्यांचे. रामजोश्याची भूमिका रंगभूमीवरील गायक नट जयराम शिलेदार ह्यांनी केली आणि बयाची हंसा वाडकर ह्यांनी. त्याची हिंदी आवृत्तीही ‘मतवाला शायर रामजोशी’ ह्या नावाने निघाली. मराठीत तमाशापटांची जी लाट पुढे आली, तिचा आरंभ ह्याच चित्रपटापासून मानला जातो. चारच वर्षांनी, १९५१ साली, त्याच संस्थेने होनाजीवर ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला. १९५२ च्या कान येथील महोत्सवात तो दाखविला गेला. त्यात होनाजीच्या जीवनात गुणवती नावाची नर्तकी आहे. ती भूमिका संध्या ह्यांनी केली.

ही दोन उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे नव्या चौकटीचे बळ कळून येते. होनाजीच्या बाजूला खुद्द त्याच्या मुद्रेत बाळा उभा आहे. तरीही पडद्यावरील शाहिराचे जीवन नर्तकीवाचून पुरे झाले नाही. एकाच्या बाबतीत परंपरेतील अंधूक नावाला नायिकेचे रूप मिळाले. दुसऱ्याच्या बाबतीत पुरुष जोडीदार हाताशी असताना नायिका पुढे आली. चौकटीला जी जागा भरावयाची होती, ती तिने दोन्ही वेळा भरून घेतली.

ह्यात चित्रपटकर्त्यांना दोष देण्याचा हेतू नाही. किंबहुना त्यांनी एक मोठे काम केले, ते मान्य केले पाहिजे. जुन्या आख्यायिकेत बया ही पतनाचे कारण होती. बोलपटाने तिला कलेचे कारण केले. जिच्याकडे प्रतिष्ठितांनी पाठ फिरविली होती, त्या तमाशाला आणि तमासगिरिणीला मध्यमवर्गीय प्रेक्षकांसमोर त्यांनी सन्मानाने आणले. वागळे इस्टेटमधील त्या बाईंना बयाची काळजी वाटली, ती ह्या बोलपटामुळेच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट दोन्हीकडे तशीच राहिली. आख्यायिकेत बया पतनाचे कारण आहे, बोलपटात ती स्फूर्तीचे कारण आहे. दोन्ही ठिकाणी ती ‘कारण’ आहे, कर्ती नाही. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तिच्या वाट्याला तृतीया आली, प्रथमा आली नाही. जिने बिघडविले तिचे पुढे काय झाले, हे आख्यायिकेने विचारले नाही. जिने स्फूर्ती दिली तिचे स्वतःचे काम कोणते, हे आपण विचारले नाही.

७

ह्या इतिहासात एक योगायोग मात्र असा आहे, की ज्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. बयाची भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर ह्यांनी पुढे आपले जीवन स्वतः सांगितले. त्या आत्मकथनाचे शब्दांकन अरुण साधू ह्यांनी केले आणि ते १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. हे नाव त्यांच्या १९५९ सालच्या, अनंत माने दिग्दर्शित तमाशापटावरून घेतलेले आहे. ह्याच आत्मकथनावरून श्याम बेनेगल ह्यांनी १९७७ साली ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्या पुस्तकात कामाचे तास, पैशाचे व्यवहार, घरातील जाच, मनाची उलघाल हे सारे आहे. स्फूर्तिदेवतेला ज्या गोष्टी नसतात, त्या सर्व तेथे आहेत.

‘सांगत्ये’ हे क्रियापद पाहावे. प्रथमपुरुषी, एकवचनी, स्त्रीलिंगी. लावणीच्या हजारो ओळींतून असली स्त्रीलिंगी रूपे आपण ऐकत आलो. परंतु त्यांचा खरा कर्ता कविराय होता, होनाजी होता, प्रभाकर होता. येथे प्रथमच, तमाशाच्या पडद्यावरील एका स्त्रीच्या बाबतीत, क्रियापदाचे लिंग आणि बोलणाऱ्या व्यक्तीचे लिंग एक झाले. बयाला हे शक्य झाले नाही. तिच्या काळी तिचे बोल लिहून घेणारा कोणी नव्हता. जे लिहिले गेले ते तिच्या तोंडी घातलेले होते.

तेव्हा त्या बाईंना आता काय सांगावे? असे सांगावे, की बया नावाची एक गाणारी बाई रामजोश्याच्या जवळ होती, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ते नाव कदाचित तिची हाक असेल. ती त्याची प्रेयसी होती की नव्हती, हे लावण्यांवरून ठरत नाही. कारण लावणी कोणाचीच साक्ष देत नाही. परंतु जे सांगितले जाते ते खरे असेल, तर ती त्याच्या फडात कामाला होती. त्याच्या शब्दांची अवघड वळणे तिच्या गळ्याने लोकांना सोपी केली. आणि त्या कामाबद्दल बाळा कारंजकराला मुद्रेत जे मिळाले, ते तिला मिळाले नाही. वागळे इस्टेटच्या आसपास राहणाऱ्या आणि कारखान्यांच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव चढले किंवा चढले नाही, अशा बायांना ह्याहून अधिक उलगडून सांगण्याची गरज पडेल, असे लेखकास वाटत नाही.

अभ्यासकांपुरते एवढेच सुचवावयाचे आहे, की शाहिरी वाङ्मयाच्या पुढील संशोधनात ‘शाहिराचे प्रेम कोणावर होते’ हा प्रश्न काही काळ बाजूस ठेवावा आणि ‘शाहिराची लावणी कोण गात होते’ हा प्रश्न हाती घ्यावा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे कल्पनेने पुष्कळ दिली आहेत. दुसऱ्याची उत्तरे देवघेवीच्या कागदांत, बैठकींच्या बिदागीच्या नोंदींत, फडांच्या वहींत आणि अजून जिवंत असलेल्या गायकीच्या परंपरांत शोधावी लागतील. तेथे बया सापडेलच, असे नाही. परंतु तिच्यासारख्या ज्या सापडतील, त्या हाकेने न सापडता नावाने सापडण्याचा संभव तेथेच अधिक आहे.